घरचा डॉक्टर निवडताना
तीन पिढ्यांची प्रकृती जाणणारे डॉक्टर निवृत्त झाले की घर पोरके होते. मग फलकावरील पदव्या पाहून नवा डॉक्टर ठरतो; इंजेक्शन देणारा तो चांगला, ही समजूतही अद्याप सुटलेली नाही. कसोटी वेगळी हवी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात व औषधचिठ्ठीवर असलाच पाहिजे. तो प्रथम पाहावा. साध्या सर्दीला प्रतिजैविके नाकारणारा, रुग्णाचे शांतपणे ऐकणारा आणि वेळीच तज्ज्ञाकडे पाठवणारा डॉक्टर खरा. जुन्या डॉक्टरांकडील नोंदीही मागून घ्याव्यात. हा शोध घरात सारे ठणठणीत असतानाच व्हावा; तापाने फणफणलेले मूल कडेवर असताना सारासार विचार सुचत नाही.