उद्यानातल्या जिमचे बिल मंजूर करण्याआधी

मा. महापालिका आयुक्त आणि उद्यान विभागातील अधिकारी यांस,


आपल्या बऱ्याच उद्यानांत आता ओपन जिम आली आहे. फुकट, मोकळ्या हवेत. सकाळी तिथे साठी उलटलेल्यांचीच गर्दी जास्त. पण साधने निवडताना त्यांच्या गुडघ्यांचा विचार झालेला दिसत नाही.

एअर वॉकरचेच बघा. त्याच्या दोन्ही पायपट्ट्या अधांतरी झुलतात. एका पट्टीवर पाय टेकला की ती सरकते, दुसरा पाय मात्र अजून जमिनीवर. तरुण माणूस सावरून घेतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा बदललेल्या किंवा लकव्यातून उठलेल्या पेशंटना मी सांगते, यावर चढूच नका. आणि उतरणे तर चढण्याहून कठीण.

पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून किमान 3 दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना 2020 पासून सांगते आहे. तोल गेला की पडणे, खुब्याचे हाड मोडणे, आणि मग कित्येकांचे अंथरूण सुटतच नाही. त्यासाठी लागते काय? धरून चालायला दोन समांतर दांडे, कठडा असलेल्या बुटक्या पायऱ्या आणि बसून फिरवायचे हाताचे चाक, ज्याच्याखाली व्हीलचेअर शिरेल एवढी जागा.

व्हीलचेअर तिथवर पोचली तर! दुचाक्या शिरू नयेत म्हणून फाटकाशी पाइपांची नागमोडी वाट केलेली असते. अडचण खरी आहे, पण त्यात वॉकर घेऊन चालणाऱ्या आजीही अडकतात. शेजारच्या मोठ्या फाटकाला कुलूप, आणि किल्लीवाला वॉचमन उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला. उद्यान उघडे असेपर्यंत तिथे 900 मिलिमीटरचे फाटक उघडे ठेवा आणि वॉचमनला त्याच्याजवळ बसवा. एक फूट चढायला बारा फूट लांब उतार द्या, साधनांभोवतीची खडी काढा.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले, उपचार म्हणून पोहू लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून सुवर्णपदक घेऊन आले. त्यांना पाण्यापर्यंत पोचता आले, म्हणून हे घडले. माझ्या पेशंटना पदक नको, बाकावरून आधाराशिवाय उठता यायला हवे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी राखून ठेवणेही महापालिकेला बंधनकारक आहे. त्यामुळे पैसे नाहीत, हे उत्तर कृपा करून देऊ नका.

मागणी एकच. ठेकेदाराचे बिल मंजूर करण्याआधी त्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे दोघे, व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती आणि पांढरी काठी घेऊन चालणारी एक व्यक्ती यांना फाटकापासून साधनापर्यंत स्वतःचे स्वतः जाऊ द्या, व्यायाम करू द्या. त्या चौघांच्या सह्या झाल्याशिवाय फाइल पुढे सरकू नये. या तपासणीला मी विनामोबदला येईन, सकाळी 6 ते 8, शहरातल्या कुठल्याही उद्यानात.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट