अक्काचा आठवडा

अंक चार महिने उशिरा निघतोय. पैसे नव्हते हे नेहमीचंच. छापखान्याची उधारी, तीही नेहमीचीच. या खेपेला कारण वेगळं आहे आणि ते सांगायला मला शरम वाटते, म्हणूनच सांगतो.

माझा बा चार वर्षं अर्धांगवायूनं खाटेवर आहे. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्याचं हगणंमुतणं, अंग पुसणं, चमच्यानं पेज भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं थोरल्या अक्कानं केलं. एकटीनं. कूस बदलली नाही तर माकडहाडाशी जखमा पडतात आणि त्या आत हाडापर्यंत जातात. म्हणजे रात्रीसुद्धा दोन तासांनी उठायचं. चार वर्षं ही बाई सलग झोपली नाही. आणि मी? मी मोर्चात होतो. सभेत स्त्रीमुक्तीवर बोलत होतो. घरी आलो की विचारायचो, "अक्का, बा कसाय?" तू कशी आहेस, हे एकदाही विचारलं नाही.

एका सकाळी अक्का नळावर हंडा तसाच ठेवून निघून गेली. दिवसभर कुर्ला स्टेशनच्या बाकड्यावर बसून होती. संध्याकाळी सापडली तेव्हा म्हणाली, "रात्री वाटलं, बा आता मरावा. मग वाटलं, मीच मरावं. म्हणून उठून आले. मला घरी नेऊ नको रे. दोन दिवस कुठंतरी झोपू दे."

मित्रांनो, हे एका रात्रीत झालेलं नव्हतं. दिसत होतं, आपण बघत नव्हतो. वर्षभर ती भांडी आदळत होती. तिच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्या संपल्या, त्या आणल्या नाहीत. १४ एप्रिलला वस्ती नाचत होती, ही दार लावून बसली. ताट पुढ्यात घेऊन नुसती बघत राहायची. बाला 'बा' म्हणायची ती 'त्याला' म्हणायला लागली, मग 'ते खाटेवरचं'. शेजारपाजारचे म्हणायचे, गुणाची पोर. आम्हीही मान डोलवायचो.

या जळून जाण्याला नाव आहे, इंग्रजीत बर्नआउट. १९७४ साली न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं त्यावर लिहिलं. कुणाला बघून? फुकट दवाखान्यात रात्री राबणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि स्वतःला बघून. म्हणजे आपल्यासारख्यांनाच. पुढे क्रिस्तिना मास्लाक या बाईंनी तीन खुणा मांडल्या : आतून संपून जाणं, समोरच्याकडे माणूस म्हणून बघणं सुटणं, आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. अक्काच्या 'ते खाटेवरचं' या दोन शब्दांत मधली खूण आहे. ती निर्दय झाली नव्हती. तिच्यात काही शिल्लक राहिलं नव्हतं.

आता यातली गंमत ऐका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आपल्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या केली. आजार म्हणून नव्हे, नोकरीधंद्यातली घटना म्हणून. आणि नोकरीबाहेर हा शब्द लावू नये, हेही बजावलं. म्हणजे साहेबाच्या कचेरीत जळलात तर नोंद. घरात खाटेजवळ जळलात तर ते काय? ती सेवा!

हा शब्द मला आता ओकारी आणतो. मनूनं शूद्राला एकच धंदा दिला, वरच्या तीन वर्णांची सेवा, तीही कुरकुर न करता. ते पुस्तक आपण २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं. आणि तोच शब्द आपल्या घरातल्या बायांच्या गळ्यात बांधून ठेवला. सावित्रीमाई प्लेगच्या रोग्यांना सांभाळता सांभाळता १० मार्च १८९७ ला गेल्या, याचे दाखले आपण देतो. ती साथ होती. त्यांच्याबरोबर मुलगा यशवंत होता, त्याचा दवाखाना होता. अक्काबरोबर कोण होतं? भिंतीवरचा माईंचा फोटो.

अक्का पूर्वी ब्युरोमार्फत एका फ्लॅटातल्या आजारी म्हातारीजवळ बारा तासांची ड्युटी करायची. पगार कमी होता, पण होता. महिन्याला दोन सुट्ट्या होत्या. संध्याकाळी बदली बाई यायची. तेच काम ती बापाचं करायला लागली आणि सगळं गेलं : पगार, सुट्टी, बदली. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. अक्काचा आठवडा १६८ तासांचा. हे मी किती सभांत अभिमानानं सांगितलंय, ४८ तासांचं! घरात हिशेब केला नाही.

अक्का एकटी नाही. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या बायांपैकी ४१ टक्के घरातल्या माणसांची देखभाल करतात, पुरुषांपैकी २१.४ टक्के. बाया दिवसाला १४० मिनिटं, पुरुष ७४. आणि आशा ताई? २००५ पासून गावोगाव आरोग्याचा गाडा ओढताहेत, सरकारी भाषेत त्या 'स्वयंसेविका'. पुन्हा तीच सेवा. २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा आपल्यातले किती जण त्यांच्या मांडवात जाऊन बसले?

अक्का महिनाभर मावशीकडे होती. तो महिना बा माझ्याकडे. पहिल्याच रात्री मी दोन वाजता रडलो. आठव्या दिवशी बावर ओरडलो. तो काही बोलू शकत नाही, नुसता बघत राहिला.

आता वस्तीत एक वही ठेवलीय. बाची पाळी सहा जणांत वाटलीय, त्यात चार पुरुष. चादर अंगाखाली घालून दोघांनी रोग्याला कसं सरकवायचं, हे अक्कानंच शिकवलं. कंबर धरत नाही. अक्काचा रविवार तिचा, त्या दिवशी तिला हाक मारायची नाही. तिच्या गोळ्या आणणं हेही पाळीवाल्याचं काम. वस्तीत आणखी नऊ घरांत असा खाटेवरचा माणूस आहे. तिथे जाल तेव्हा आधी सांभाळणाऱ्या बाईला विचारा, काल किती झोपलीस? ती म्हणाली, मरावंसं वाटतं, तर उपदेश करू नका. जवळ बसा, तिला एकटी सोडू नका. टेली-मानसची १४४१६ ही फुकट लाइन २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येतं. आणि त्या रात्रीची पाळी तुम्ही घ्या.

काही जण म्हणाले, असं घरगुती लचांड अंकात कशाला, चळवळीचं लिहा. त्यांची नावं अजून वहीत नाहीत. वही बुद्धविहारात कपाटावर आहे, पेन बांधून ठेवलंय. शुक्रवारची रात्र आणि शनिवारची दुपार रिकामी आहे.