विघटन म्हणजे विषमुक्ती नव्हे

दर हिवाळ्यात कालिंदी कुंजजवळ यमुनेवर पांढरा फेस तरंगू लागला की छायाचित्रे झळकतात, आरोप-प्रत्यारोप होतात आणि फेस ओसरताच चर्चाही ओसरते. जे डोळ्यांना दिसत नाही, त्याचा हिशेब मात्र कोणी मागत नाही.

दिल्लीतील सीलमपूर, मंडोली आणि शेजारच्या लोणीत ई-कचरा फोडला जातो, जाळला जातो. उपकरणांच्या प्लास्टिकने पेट घेऊ नये म्हणून त्यात ‘पीबीडीई’ ही ब्रोमीनयुक्त अग्निरोधके मिसळली जात. ती प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. त्यामुळे धूळ, राख आणि सांडपाण्यावाटे सहज बाहेर पडतात. पाण्यात ती जवळजवळ विरघळत नाहीत. गाळाला चिकटतात आणि सजीवांच्या चरबीत साठतात. म्हणूनच पाण्याचा नमुना निर्दोष ठरला, तरी मासा निर्दोष ठरतोच असे नाही.

यावर एक सोयीचा युक्तिवाद ऐकू येतो: दहा ब्रोमीन अणूंचा ‘डेका-बीडीई’ हा रेणू अवजड आहे, तो माशात फारसा शोषला जात नाही आणि शोषला गेला तरी त्याचे विघटन होते. हे अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच अधिक घातक. हीदर स्टेपलटन आणि सहकाऱ्यांनी कॉमन कार्पच्या पिल्लांना ६० दिवस डेकायुक्त खाद्य दिले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात माशांमध्ये डेका साठलेले आढळले नाही. साठली होती ती त्यातील ब्रोमीन गळून तयार झालेली, पाच ते आठ ब्रोमीन अणूंची संयुगे. हाच मासा यमुनेतही आढळतो.

ब्रोमीन कमी झाले म्हणून विष संपत नाही. लहान रेणू पेशींत अधिक सहजतेने शिरतात आणि अन्नसाखळीत वर चढतात. याच वर्गातील ‘पेंटा’ आणि ‘ऑक्टा’ मिश्रणांतील संयुगे २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या निर्मूलन-यादीत गेली. डेका तेथे पोहोचण्यास २०१७ साल उजाडले. भारताने २०१८ च्या नियमांनी सात रसायनांवर बंदी घातली. त्यांत पेंटा-ऑक्टाची संयुगे होती, डेका नव्हते. अपत्यांवर बंदी आणि जनकाला मोकळीक, हे कोणते विज्ञान?

स्नानयोग्य पाण्याचे निकष सामू, विद्राव्य ऑक्सिजन, जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी आणि विष्ठाजन्य जिवाणू पाहतात. ते आवश्यकच आहेत. पण त्यांत या संयुगांना स्थान नाही. गाळाची आणि माशांच्या ऊतींची, डेकासह त्याच्या विघटनजन्य संयुगांसाठी, नियमित तपासणी व्हावी आणि आकडे जाहीर व्हावेत. तोवर यमुना स्वच्छ झाल्याचा कोणताही दावा अपुऱ्या मोजमापावरच उभा असेल.