अब्रूची वसुली

घेतलेले पैसे फेडावेत, याबद्दल माझा कोणाशीही वाद नाही. वाद आहे तो या सुविचाराआड चाललेल्या धंद्याशी आणि त्याला खतपाणी घालणाऱ्या आपल्या भिडस्तपणाशी.

२०२० च्या टाळेबंदीत शहापूर-वडगावचे माग थांबले, दुकाने बंद झाली. तेव्हा कितीतरी घरांतल्या पोरांनी मोबाइलवरून पगारापर्यंतची उचल घेतली. जामीन नको, कागद नको. कर्ज ८,००० चे लिहायचे, 'शुल्क' कापून ५,००० हातावर ठेवायचे आणि आठवड्यात पूर्ण रक्कम मागायची, अशी ती रीत. आता इतक्या वर्षांनी त्याच उचलीची मागणी तिसऱ्याच नावाने येते. शेजारपाजारची माणसे अशा नोटिसा माझ्याकडे वाचून घ्यायला येतात. त्यातल्या एकीत ५,००० चे ४७,००० झाले होते; हिशेबाची एक ओळही नव्हती. फोन मात्र पोराच्या आत्याला आणि त्याच्या मालकाला गेले होते.

आणि आपली वडीलधारी मंडळी काय सांगतात? "दोन-चार हजार टाका, सही करा आणि मोकळे व्हा. चारचौघांत शोभा नको." हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण तोच घात करतो. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा कर्जासाठी दावा लावण्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची आहे. ती संपण्याआधी सहीनिशी देणे कबूल केले, किंवा काही रक्कम भरून तशी सही दिली, की तीन वर्षे नव्याने सुरू होतात. मुदत संपल्यावरही 'फेडीन' असे लेखी वचन सहीनिशी दिले, तर १८७२ चा करार कायदा ते वचन बंधनकारक मानतो. म्हणजे मेलेला दावा आपणच जिवंत करायचा! वसुलीवाल्याला चार पैशांपेक्षा ती सही हवी असते, ती यासाठी.

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावले आहे, की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धमकावू नये, चारचौघांत अपमान करू नये, नातेवाइकांना व मित्रांना छळू नये. कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये छोट्या कर्जांच्या जुलमी वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला. त्यात दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. केवळ कर्ज थकले म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. तरीही 'उद्या पोलीस येतील' या एका वाक्यावर आपल्या बायका मंगळसूत्र गहाण ठेवतात.

आता आपल्याच वर्मावर बोट ठेवतो. दुकानाच्या पाटीवर मराठी नाही म्हणून आपण चौकात जमतो, आणि ते योग्यच आहे. पण कर्जदाराला समजेल अशा भाषेत कागद द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने वित्त कंपन्यांना सांगितलेले असताना, इंग्रजी वा कानडी कागदावर आपण न वाचता अंगठा टेकवतो. 'मराठीत द्या, मग बोलू' असे तिथे किती जण म्हणतात? भाषेचा हक्क पोटाच्या व्यवहारात वापरला नाही, तर तो पाटीपुरताच उरतो.

१८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. त्यानंतर १८७९ च्या कायद्याने कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. आज जाळपोळीची गरज नाही. तोच जुना प्रश्न विचारण्याची आहे: मूळ किती, व्याज किती, तुम्ही कोण?

कोणी म्हणेल, हा कर्जबुडवेपणाचा धडा झाला. मुळीच नाही. मूळ रक्कम परत करावीशी वाटते, त्याने जरूर करावी. पण मूळ करार पाहून, लेखी हिशेब घेऊन, पूर्ण फेडीचा दाखला हातात घेऊन. कोऱ्या कागदावर सही नाही, फोनवर कबुली नाही. धमकी आली तर तारीख-वेळ लिहून पोलीस ठाणे गाठा. कंपनी नोंदणीकृत असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. आणि घरातल्या पोराला आधी शिव्या घालू नका, नोटीस वाचायला बसवा.