रुग्णांच्या भेटीस जाणारा कुत्रा

कुत्र्याचा उपयोग तो काय, तर घर राखणें, असेंच आपल्याकडे बहुतेकांस वाटतें. परंतु रुग्णालयांत किंवा वृद्धाश्रमांत जाऊन दुःखितांजवळ नुसता बसणारा कुत्राही मोठें काम करितो. १९४४ सालीं न्यू गिनीच्या जंगलांतील एका खंदकांत सांपडलेली स्मोकी नांवाची, जेमतेम चार पौंड वजनाची यॉर्कशायर टेरियर कुत्री रुग्णालयांतील जखमी सैनिकांच्या खाटांजवळ नेत असत. पुढें न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन ह्यांनीं, आपल्या जिंगल्स नांवाच्या कुत्र्याच्या सहवासांत स्वतःतच गुरफटलेलें मूल कसें मोकळें होतें, हें १९६२ सालीं लेखाद्वारें विद्वानांपुढें मांडिलें. तेव्हां त्यांची थट्टाही झाली.

हें वाचून "आमचाही कुत्रा नेऊं या" असें पुष्कळ विद्यार्थी म्हणतील. त्यांच्या उत्साहाचें आम्हांस कौतुक आहे. पण निवड करितांना जात व रूप पाहूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. लॅब्रॅडॉर पुष्कळदां पसंत पडतो हें खरें; तथापि भित्र्या लॅब्रॅडॉरपेक्षां शांत गावठी कुत्रा शतपटीनें बरा. मागें थाळी खणकन पडली, कोणी कुबड्या टेकीत आला, अनोळखी मुलानें कान ओढला, तर कुत्रा दचकेलच. पण क्षणांत सांवरतो कीं नाहीं, हें पाहावें. वर्षाच्या आंतील पिल्लू नेऊंच नये, आणि रेबीजची लस टोंचलेली असलीच पाहिजे.

शिक्षणाविषयीं मात्र पालकांस दोन शब्द सांगणें आवश्यक आहे. गुरगुरल्याबद्दल कुत्र्यास काठीनें मारणें ही आपल्याकडील जुनी खोड. मारानें भीति जात नाहीं, गुरगुरणें तेवढें जातें. आणि मग असा कुत्रा सूचना न देतां चावतो. तो चावा खाटेस खिळलेल्या रोग्यास बसावयाचा! म्हणून 'बस', 'थांब', 'सोड' ह्या आज्ञा खाऊ व शाबासकी देऊनच शिकवाव्या. जमिनीवर पडलेली औषधाची गोळी न चाटतां पुढें जाणें, हें तर रुग्णालयांत कुत्र्याच्याच जिवाचें काम.

खरें शिक्षण धन्याचें आहे. झोंपेची वेळ नसतां कुत्रा जांभया देऊं लागला, ओंठ चाटूं लागला, तोंड फिरवूं लागला, कीं तो अवघडला आहे असें समजून त्यास तत्काळ बाहेर न्यावें. रोग्यानें कितीही आग्रह केला तरी. आणि ज्या रोग्यास कुत्र्याचें भय वाटतें त्याच्या खाटेकडे फिरकूंच नये. इतकें करूनही एखाद्याच्या मोत्यास हें काम रुचलें नाहीं, तर त्यास ओसरीवर सुखानें निजूं द्यावें.