तिथींवरील फिर्याद

आपले सर्व सण इंग्रजी तारखांनी कायमचे मुक्रर करून टाकावेत, अशी सूचना एका विद्वान गृहस्थांनी नुकतीच मोठ्या आवेशाने केली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गणपती कधी ऑगस्टात येतात, कधी सप्टेंबरात, दिवाळी महिनाभर मागेपुढे होते, कचेऱ्यांची कामे अडतात, शाळांच्या परीक्षा खोळंबतात, सबब ही अनागोंदी थांबवून नाताळाप्रमाणे प्रत्येक सणास एक तारीख नेमून द्यावी.

कचेऱ्यांची कामे अडतात ती सुट्टी उशिरा जाहीर झाल्यामुळे, तिथीमुळे नव्हे. नाताळाचा दाखला देताना ईस्टर मात्र या गृहस्थांच्या स्मरणातून निसटला. पौर्णिमेच्या गणितावर ठरणारा तो सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कोठेही पडतो. ज्या दिनदर्शिकेच्या स्थैर्याची ते ग्वाही देतात, तिच्यात १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला होता, हेही त्यांनी कधी सवडीने वाचावे.

परंतु खरा प्रश्न चंद्राचा आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले म्हणजे एक तिथी सरते. अशा तिथींनी बनलेले बारा चांद्रमास सुमारे ३५४ दिवसांत संपतात, आणि सौरवर्षाशी पडणारी अकरा दिवसांची तूट बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिकमास घालून भरून काढली जाते, म्हणूनच श्रावण पावसातच येतो. हिजरी सनात ही सोय नसल्याने मोहरम सुमारे तेहेतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. म्हणजे ज्याला हे गृहस्थ भटकणे म्हणतात, ते वस्तुतः ऋतूंना आणि चंद्राला एकाच वेळी धरून राहणे आहे. आता त्यांच्या योजनेप्रमाणे कोजागिरी १५ ऑक्टोबरला नेमली, असे समजू. २०१२ साली त्या तारखेस सर्वपित्री अमावास्या होती! गच्चीवर सतरंजी अंथरली आहे, केशर-चारोळी घातलेले आटीव दूध पातेल्यात निवते आहे, मंडळी ‘कोण जागे आहे’ याची वाट पाहत आहेत, आणि वर मिट्ट काळोख. चंद्रबिंब दुधात पडावे कसे, याचा खुलासा बहुधा पुढील परिपत्रकात होईल. संकष्टीचेही तेच. नागपूरकरांचा उपास मुंबईकरांच्या आधी सुटतो, कारण चंद्र तेथे आधी उगवतो. आणि नारळी पौर्णिमेस कोळीबांधव ज्या समुद्राला नारळ अर्पण करतात, त्याला पौर्णिमा-अमावास्येलाच उधाण येते. तो सरकारी जाहीरनामा वाचून उधाणत नाही.

पंचांगे आपसांत जुळत नाहीत, हा त्यांचा आक्षेप मात्र खरा आहे. सायन-निरयनाच्या आणि दृक्‌प्रत्ययाच्या त्या जुन्या वादात दोन्ही पक्षांनी शाईचे पाट वाहवले. निष्पत्ती एवढीच, की दोन पंचांगांचे अधिकमास वेगळे पडले म्हणजे एकाच गावात एकच सण महिन्याच्या अंतराने दोनदा होतो. पण दोन घड्याळे जुळत नाहीत म्हणून दुपारच रद्द करावी, हा तोडगा या गृहस्थांनाच सुचू जाणे. शिवाय त्यांना हवी असलेली स्थिर, सौर दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, सरकारी दफ्तरात रीतसर चालू आहे. तिची तारीख त्यांनी आपल्या पत्रावर एकदा तरी घातली असती, तर त्यांच्या तळमळीवर विश्वास बसला असता. तिच्या कर्त्यांनीही चांद्रतिथींचे सण तिथींवरच ठेवले.

मग करावे काय? व्यवहार तारखेने चालावा, सण तिथीने. तिथी प्रत्यक्ष ग्रहगतीवरून, एकाच ठरीव मध्यरेखेवर काढावी. चतुर्थी मध्याह्नी हवी की अमावास्या प्रदोषकाळी, हे ‘धर्मसिंधू’सारख्या ग्रंथांनी सांगूनच ठेवले आहे. ग्रहगती आगाऊ कळतात; तेव्हा सुट्ट्यांची यादी वर्ष संपता संपता काढण्याची चाल मोडून शासनाने ती पुढील तीन वर्षांसाठी एकदमच प्रसिद्ध करावी.