आमच्या दाराला आतली कडी नाही

पुण्यामुंबईच्या पेपरात नव्या जोडप्यांसाठी सल्ले छापून येतात. संवाद साधा. एकमेकांना वेळ द्या. बेडरूममध्ये मोबाईल नेऊ नका. मी हे गोदीत जेवणाच्या सुट्टीत वाचतो, चपात्या बांधून आणलेल्या कागदावर. सल्ला देणाऱ्या विद्वानांना माझा एकच सवाल आहे. बेडरूम कुठाय?

माझं लग्न होऊन वर्ष झालं. घर तासगाव तालुक्यात, बुद्धवाड्यात. बायको कराडकडची. मी शिवडीला एका गाळ्यात बारा गड्यांबरोबर पाळीपाळीनं झोपतो, म्हणजे मी उठलो की माझ्या वळकटीच्या जागी दुसरा आडवा होतो. बायकोला तिथं नेता येत नाही. दोन महिन्यांनी चार दिवसांसाठी गावी जातो. त्या चार रात्रींची ही गोष्ट आहे, आणि ती एकट्या माझी नाही.

कविता नंतर, आधी हिशोब सांगतो. २०१६ साली केंद्राची ग्रामीण आवास योजना आली, तेव्हा सपाटीवरच्या घराला एक लाख वीस हजार रुपये ठरले आणि किमान जागा २५ चौरस मीटर. फुटांत २६९. चूल त्यातच. आपल्या लोकांसाठी राज्याची रमाई योजना आहे, तिचाही साचा २६९ चौरस फुटांचाच. रमाई! परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत जिनं उपाशीतापाशी संसार ओढला, तिच्या नावानं आमच्या वाट्याला एक खोली आली. मधली भिंत घालायची तर पदरचे पैसे घाला.

त्या एका खोलीत आबा दाराशी निजतात, त्यांना रात्री दोनदा उठावं लागतं. मग आज्जी. मग थोरला भाऊ, वहिनी, त्यांची दोन पोरं. धाकटी बहीण दहावीला आहे, ती दिव्याखाली पुस्तक घेऊन. मग आई. आणि दोरीवर टाकलेल्या जुन्या लुगड्यापलीकडं आम्ही दोघं. आज्जीला खोकल्यानं झोप नाही. आबा कूस वळले की आम्ही श्वास धरतो. बायकोच्या हातात बांगड्या आहेत, त्या ती रात्री उशाखाली काढून ठेवते. नवी नवरी बांगड्या का काढते, हे कुठल्या विद्वानानं लिहिलंय का?

आणि सहा महिने झाले की हीच माणसं, चार हातांवर निजणारी, विचारायला लागतात, ‘काय गं, काय हाय का न्हाई अजून?’ शेजारची म्हातारी म्हणाली, पोरीला देवरुष्याकडं न्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या वस्तीत देवरुषी! पोराचं काय बिघडलंय, अशी कुजबुज माझ्याबद्दलही झाली. बिघडलंय ते खोलीत आहे, ते कुणी बघत नाही. मी आईबापाला दोष देत नाही. त्यांचीही रात्र अशीच गेली. आई सांगत नाही, पण मला कळतं.

मग लोक हसत म्हणतात, ऊस काय कमी हाय का? सांगली-साताऱ्यात उसाला तोटा नाही. कृष्णाकाठी मागच्या भिंतीला ऊस टेकलाय. पण ऊस कुणाचा? १९५८ च्या कायद्यानं महारवतन संपलं, जमिनी हातच्या गेल्या, त्यातल्या कितीकांवर आज दुसऱ्याचं पाटपाणी खेळतं. आमचा वाडा चारी बाजूंनी त्यांच्या बांधांनी आवळलाय. पोरं वाढली, घरं वाढली नाहीत. त्यांचं पोरगं उसात सापडलं तर चावडीवर विनोद होतो. आमचं जोडपं, लग्नाचं असलं तरी, सापडलं तर कुणाच्या अंगावर काठी पडते आणि बाईला काय ऐकून घ्यावं लागतं, हे मी वाचकाला शिकवायला नको. माझी बायको म्हणाली, ‘आवं, जनावरागत फडात न्हाई यायची मी.’ बरोबर आहे तिचं.

त्याच फडात हंगामाला बीडकडनं, आमच्याच जत-आटपाडीकडनं तोडकरी येतात. साखराळ्याला जा, रेठऱ्याला जा, कारखान्याच्या अंगाला कोप्या दिसतील. बांबू, चटई, प्लास्टिक. वाकून आत शिरायचं. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतो ‘कोयता’. एक कोयता म्हणजे दोन माणसं. उचल जोडीवर मिळते, म्हणून पोरीचं वय न बघता लग्न लावून जोडी पुरी करतात. पहाटे अंधारात फडात, रात्री गाडी भरायला. लागूनच दुसरी कोपी, मधे प्लास्टिकचा कागद. साखरेला जोडपं पाहिजे, पण हत्यार म्हणून. २०१९ साली सरकारनं बीडच्या तोडकरी बाया तपासल्या, त्यात तेरा हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीचा दिवस मोडला की मजुरी मोडते, वर दंड. आता कुणी मला कुटुंबसंस्थेचं कौतुक सांगू नये.

सरकारला आमचं अंथरूण दिसतच नाही असं नाही. १९७६ साली बरोबर दिसलं. सक्तीच्या नसबंदीचा कायदा करायला महाराष्ट्राची विधानसभा देशात पहिली धावली. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून तो राहिला. म्हणजे पोरं थांबवायची तर सरकार आमच्या वाकळेत शिरतं, आणि वाकळ टाकायला जागा मागितली तर म्हणतं यादीत नाव बघा.

कोर्टाचंही तेच. १८८७ साली रखमाबाईला सांगितलं, नवऱ्याकडं नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. १९५५ च्या विवाह कायद्यात कलम ९ आलं, एकत्र नांदण्याचा हक्क कोर्टातनं परत मागायचा. तो कायदा बौद्धांनाही लागू. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं ते कलम कायम केलं. बाईला ओढून आणायला कलम आहे, आणून निजवायचं कुठं याला कलम नाही. २०१७ साली त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. फार छान. लुगड्याच्या पडद्याला तो हक्क कुठं टांगू?

एक कार्यकर्ता मला म्हणाला, हा विषय चळवळीच्या अंकात नको, घाण आहे, लोक हसतील. त्याला सांगतो, १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूनं कोर्टात बाबासाहेब उभे राहिले. १९३८ साली संततिनियमनाचा ठराव रोहमांनी विधिमंडळात मांडला, त्याचं भाषण बाबासाहेबांनी लिहून दिलेलं. बापाला लाज वाटली नाही आणि ह्याला वाटते! आमच्या कवींनाही सोडत नाही. त्यांनी फोरास रोडच्या रात्री लिहिल्या, शिव्या लिहिल्या, मीही लिहिल्या. पण लग्नाच्या बायकोजवळ आवाज न करता निजणारा नवरा कुणाच्या ओळीत आला नाही. त्यात मर्दानगी दिसत नाही ना.

वरळीच्या बीडीडी चाळीत १६० फुटांच्या खोल्यांत तीन पिढ्या वाढल्या. २०२५ साली तिथं ५०० फुटांच्या घरांच्या पहिल्या किल्ल्या मिळाल्या. चाळी १९२० च्या दशकातल्या. म्हणजे मुंबईत, मोर्चे काढून, शंभर वर्षं. बुद्धवाड्याला किती लागतील?

१ मेच्या ग्रामसभेला मी पाळी बुडवून जाणार आहे. ठराव लिहून ठेवलाय. घरात लग्न झालेलं दुसरं जोडपं असेल तर घरकुलाला वाढीव खोलीचा पैसा द्यावा, मधली भिंत आणि आतनं कडी लागणारं दार मंजूर नकाशातच असावं, आणि वाड्यासाठी गावठाण वाढवावं. सूचक मी. अनुमोदक कोण, म्हणून घरात विचारलं. आबा उठून बाहेर गेले. भाऊ गप्प. वहिनी चुलीपुढनं म्हणाली, ‘भावजी, माझं नाव घाला. बारा वर्सं झाली मला लुगड्याआड.’